मऊ दगड आणि तबकडीची घरघर

गाण्यांच्या तबकड्या आता कायमच्या गेल्या, असे १९९० च्या दशकात बहुतेकांनी धरले होते. तसे घडले नाही. २०२० साली अमेरिकेत तबकड्यांच्या विक्रीतून आलेली रक्कम सीडीच्या विक्रीपेक्षा जास्त भरली, आणि असे १९८६ नंतर प्रथमच झाले. मुंबईच्या चोरबाजारात आजही जुन्या तबकड्या आणि त्या वाजवण्याची यंत्रे शोधणारे लोक भेटतात. या आवडीबरोबर आणखी एक छंद वाढला आहे, तो म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचे भाग घरी बनवण्याचा. कुणी सागवान वापरतो, कुणी ॲक्रिलिक, कुणी ॲल्युमिनियम. काही जण मात्र शंखजिऱ्याचा दगड वापरतात. इंग्रजीत त्याला सोपस्टोन म्हणतात, कारण हाताला तो साबणासारखा गुळगुळीत लागतो.

हे ऐकून प्रथम नवल वाटते. यंत्राचा भाग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे टणक पोलाद येते. शंखजिरे हे तर खनिजांमधले सर्वांत मऊ. फ्रीडरिक मोह्स यांनी १८१२ साली मांडलेल्या कठिणतेच्या श्रेणीत त्याचा क्रमांक पहिला, म्हणजे तळाचा. नखानेसुद्धा त्यावर ओरखडा उठतो. असा दगड सूक्ष्म कामाच्या यंत्रात कशासाठी घ्यायचा? याचे उत्तर शोधताना नववीपासून बारावीपर्यंतचे बरेच भौतिकशास्त्र आपोआप हाताखालून जाते. म्हणून हा विषय शिक्षकांपुढे ठेवावासा वाटला.

सुईला काय कळते?

तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. तिच्या खाचेत हिऱ्याचे टोक असलेली सुई चालते. खाच डावीउजवीकडे आणि वरखाली नागमोडी असते, सुई त्याप्रमाणे हलते, आणि कार्ट्रिजमधले चुंबक व वेटोळे या हालचालीचे विद्युतदाबात रूपांतर करतात.

ही हालचाल किती लहान असते, याचा हिशोब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. १००० हर्ट्झचा बऱ्यापैकी मोठा स्वर घ्या. त्या वेळी सुईचा कमाल वेग सेकंदाला ५ सेंटिमीटर धरू. आयाम काढायचा तर वेगाला वारंवारतेच्या २π पटीने भागायचे. उत्तर येते सुमारे ८ मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या एकदशांशाच्या आसपास. त्याच गाण्यातला अगदी हळू आलेला एखादा स्वर याच्या हजाराव्या हिश्श्याइतका असू शकतो. तेव्हा सुई ८ नॅनोमीटर हलते. काही डझन अणू एका ओळीत मांडले तर जेवढी लांबी होईल, तेवढीच ही हालचाल.

आता खरी अडचण लक्षात येईल. सुई खाचेत हलली, की खाच सुईखाली हलली, हे कार्ट्रिजला कळत नाही. त्याला फक्त दोहोंमधली सापेक्ष हालचाल कळते. मोटर थरथरली, बेअरिंगमध्ये खर असली, शेजारच्या खोलीत कुणी दार आपटले किंवा लाउडस्पीकरचाच आवाज टेबलातून परत यंत्राकडे आला, तर ते सारे गाण्यात मिसळते. या खालच्या पट्टीतल्या आवाजाला आपण घरघर म्हणू. त्यात आणखी एक भर पडते. तबकडी कोरताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर खाचा फार रुंद झाल्या असत्या. वाजवताना ॲम्प्लिफायर ते पुन्हा उचलून धरतो. १९५४ सालापासून रूढ झालेल्या प्रमाणानुसार २० हर्ट्झचा स्वर १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे नऊपट वाढवला जातो. गाण्याबरोबर घरघरही तेवढीच वाढते, हे सांगायला नको.

म्हणून रेकॉर्ड प्लेअर घडवणाऱ्याची अर्धी मेहनत नको असलेली कंपने सुईपर्यंत पोचू न देण्यात जाते. हे दोन मार्गांनी साधता येते. एक तर भाग जड आणि ताठ करायचे, म्हणजे ते मुळात कमी हलतील. दुसरे म्हणजे जे हलेल ते लवकर शांत व्हावे अशी सोय करायची. या दुसऱ्या गुणाला अवमंदन म्हणतात. घंटेचे कांसे ताठ असते, पण त्यात अवमंदन जवळजवळ नसते. ठोका पडला की ते कितीतरी वेळ वाजत राहते. रबरात अवमंदन भरपूर, पण ताठपणा नाही. दोन्ही गुण एकाच पदार्थात सहसा सापडत नाहीत, आणि नेमक्या याच जागी शंखजिऱ्याचा दगड उपयोगी पडतो.

पापुद्र्यांचा दगड

शंखजिरे म्हणजे मॅग्नेशियमचे जलयुक्त सिलिकेट. त्याची रचना पापुद्र्यांची असते. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या दोन जाळ्या, आणि त्यांच्यामध्ये मॅग्नेशियमचा एक थर, असा तीन पदरी पापुद्रा बनतो. पुरणपोळीच्या दोन पदरांत पुरण असावे, तसे. पापुद्र्याच्या आत बंध चांगले बळकट असतात. पण प्रत्येक पापुद्रा विद्युतदृष्ट्या उदासीन असल्यामुळे एक पापुद्रा दुसऱ्याला घट्ट धरत नाही. दोहोंमध्ये असते ते केवळ क्षीण व्हान डर वाल्स आकर्षण. अभ्रकाची रचना बरीचशी अशीच, पण तिथे पापुद्र्यांच्या मध्ये पोटॅशियमचे आयन बसलेले असतात आणि ते दोन्ही बाजूंना ओढून धरतात. त्यामुळे अभ्रक शंखजिऱ्याहून कठीण असते. एका आयनाच्या असण्यानसण्याने केवढा फरक पडतो, हे दाखवायला याहून सोपे उदाहरण मिळणे अवघड.

दगड म्हणून मिळतो तो शुद्ध शंखजिरे नसतो. त्यात क्लोराइट, मॅग्नेसाइट वगैरे खनिजे मिसळलेली असतात, म्हणून तो नखाने सहज कोरला जात नाही. सुरीने मात्र कोरला जातो. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ते २.९ ग्रॅम, म्हणजे ॲल्युमिनियमच्या जवळपास. अशा दगडातून कंपन जाऊ लागले की असंख्य बारीक पत्र्या एकमेकींवर किंचित घासतात, कणांच्या सीमांवर किंचित सरकतात, आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत जाते. दगड ठोकला तर 'टण्' न येता 'ठक्' येतो.

या मऊपणाचा फायदा माणसाने फार पूर्वी ओळखला होता. मोहेंजोदडोच्या मुद्रा याच दगडाच्या आहेत. मऊ असताना त्या कोरल्या आणि मग भट्टीत भाजल्या. भाजताना शंखजिऱ्यातले पाणी जाते आणि एन्स्टॅटाइट नावाचे कठीण खनिज तयार होते. कर्नाटकात बेलूरच्या चेन्नकेशव मंदिराचे काम १११७ साली सुरू झाले. तिथला दगड भूवैज्ञानिकांच्या भाषेत क्लोराइटयुक्त शिस्ट, पण बोलीत तोही सोपस्टोनच. तिथल्या खांबांवरची गोल वळी दगड फिरवून, म्हणजे लेथच्या तत्त्वावर घडवलेली आहेत. दगडही कातता येतो, ही गोष्ट आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

ठोकून पाहा, मोजून पाहा

संगीतयंत्रांच्या छंदात श्रद्धेला फार वाव असतो. अमुक लाकडाने आवाज 'ऊबदार' होतो, तमुक दगडाने 'मोकळा' होतो, अशी विधाने छातीठोकपणे केली जातात आणि त्यांच्या जोरावर महागड्या वस्तूही विकल्या जातात. आमच्या मते शिक्षकाला खरी संधी इथेच आहे. अवमंदन ही मोजता येणारी राशी आहे, आणि ती मोजायला एक मोबाइल फोन पुरतो.

एकाच मापाच्या चार पट्ट्या मिळवा. साधारण ३० सेंटिमीटर लांब, ५ रुंद आणि २ जाड असाव्यात. एक शंखजिऱ्याच्या दगडाची, एक संगमरवराची, एक कडाप्प्याची आणि एक ॲल्युमिनियमची. संगमरवर आणि कडाप्पा फरशीवाल्याकडे तुकड्यांत मिळतात. शंखजिऱ्याचा दगड मूर्ती कोरणाऱ्यांकडे मिळेल. राजस्थानात उदयपूरच्या परिसरात त्याच्या खाणी आहेत आणि आग्र्याला त्याच्या कोरीव वस्तू बनतात. पट्टी फोमच्या दोन पट्ट्यांवर आडवी ठेवायची. फोम दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२ टक्क्यांवर, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या पट्टीला साधारण पावणेसात सेंटिमीटरवर ठेवावा. पट्टी वाकून कंप पावते तेव्हा तिचे हे दोन बिंदू जवळजवळ स्थिर असतात, म्हणून तिथला आधार कंपनाला अडवत नाही. मधोमध पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ठोका मारा आणि फोनवर ध्वनिमुद्रण करा.

मुद्रण संगणकावर ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत उघडले की लाट दिसते. तिचा आयाम निम्मा होईपर्यंत किती आवर्तने झाली, ते मोजा. त्या संख्येला ४.५ ने गुणले की पट्टीचा गुणवत्तांक मिळतो. (हा ४.५ कुठून आला, हे बारावीच्या मुलांकडून काढून घ्यावे: आयाम घातांकी रीतीने घटतो, आणि π ला २ च्या नैसर्गिक लॉगरिदमने भागले की ४.५३ येतात.) 'गुणवत्ता' या शब्दाने मात्र फसू नये. घंटेसाठी हा अंक मोठा हवा, आपल्या कामासाठी लहान.

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट कळेल. सोपस्टोन या नावाखाली विकले जाणारे सगळे दगड सारखे नसतात. ज्यात शंखजिरे भरपूर, तो मंद वाजतो. ज्यात कार्बोनेट खनिजे जास्त, तो कठीण असतो आणि बऱ्यापैकी खणखणतो. तेव्हा नावावर न जाता ठोकून निवडावा. एकाच खाणीतले दोन तुकडेही वेगळे वाजू शकतात. बरोबरीने घनताही काढून घ्यावी. तुकडा हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलला की आर्किमिडीजचा नियम बाकीचे काम करतो.

पाच किलोंचे चाक

ज्या फिरत्या भागावर तबकडी ठेवतात, त्याला आपण थाळी म्हणू. ३० सेंटिमीटर व्यासाची आणि अडीच सेंटिमीटर जाडीची दगडी थाळी केली तर तिचे घनफळ सुमारे १७७० घन सेंटिमीटर आणि वजन जवळपास ५ किलो भरते. तिचे जडत्व-आघूर्ण ०.०५६ किलोग्रॅम मीटर वर्ग येते. फिरताना तिच्यात साठलेली ऊर्जा मात्र ज्यूलच्या एकतृतीयांशाएवढीच असते. १०० ग्रॅमची वस्तू ३५ सेंटिमीटर उचलायला लागेल तेवढी. वेग इतका कमी आहे, म्हणून ही ऊर्जाही कमी.

मग वजनाचा उपयोग काय? सुईचा भार २ ग्रॅम आणि घर्षणांक साधारण ०.३ धरू. कडेच्या खाचेत सुई असताना तिच्या ओढीचे आघूर्ण सुमारे ०.०००९ न्यूटन मीटर होते. समजा, मोटरचा जोर एक सेकंद सुटला आणि बेअरिंगचे घर्षण नाहीच. तर ५ किलोच्या थाळीचा वेग त्या सेकंदात अर्ध्या टक्क्याहूनही कमी घटेल. त्याच मापाची अर्ध्या किलोची थाळी असेल तर दसपट, म्हणजे साडेचार टक्के घटेल. पूर्ण अर्धस्वर उतरायला वेग सुमारे ६ टक्के घटावा लागतो, हे ध्यानात घेतले की दोहोंतला फरक कळतो. मोटरचा जोर खरोखर सेकंदभर सुटत नाही, पण गाण्यातल्या मोठ्या आवाजाच्या जागी सुईची ओढ क्षणभर वाढते आणि जड थाळी ते धक्के गिळून टाकते.

इतके असूनही थाळीसाठी दगड हाच सर्वोत्तम पदार्थ, असे आम्ही म्हणणार नाही. सुई खाचेत चालताना तबकडीतही कंपने जातात, आणि ती खाली निघून जावीत अशी अपेक्षा असते. दोन पदार्थांची घनता आणि त्यांतला ध्वनीचा वेग यांचे गुणाकार जवळपास सारखे असतील, तर लाट सीमा सहज ओलांडते. फार वेगळे असतील तर परत फिरते. ॲक्रिलिकचा गुणाकार तबकडीच्या व्हिनाइलशी चांगला जुळतो, दगडाचा जुळत नाही. तेव्हा दगडी थाळीवर बूच किंवा नमद्याची पातळ चटई हवी. उघड्या दगडावर तबकडी ठेवणे दिसायला छान, पण त्यात हशील नाही. शिवाय दगडावर सुटलेला एखादा कण तबकडीवर ओरखडे काढील ते वेगळेच.

दगड कुठे, कुठे नाही

आमचा कल असा: दगडाचा उत्तम उपयोग थाळीपेक्षाही सुईचा दांडा ज्या पाटावर बसवतात, त्या पाटासाठी आहे. मोटर आणि दांडा एकाच लाकडी बैठकीवर असतील तर मोटरची थरथर बैठकीतून दांड्यात आणि तिथून सुईत जाते. दांड्याखाली १५ ते २० मिलिमीटर जाडीचा दगडी पाट घातला की वाटेत एक जड आणि कंपन शोषणारा अडसर येतो. बैठकीच्या तळाशी घालायची लादी, मोटरचा वेगळा ठोकळा, आणि तबकडीवर ठेवायचे गोल वजन या जागाही दगडाला शोभतात.

बेअरिंगमध्ये हा दगड मुळीच घालू नये. तिथे कठीण पोलादाचा दांडा, पितळ किंवा कांशाची बुश आणि खाली पोलादी गोळी हेच हवे. मऊ दगड आठवड्याभरात झिजेल. सुईच्या दांड्याची नळीही दगडाची करू नये. पातळ दगडाला ताण सोसत नाही, तो पापुद्र्यांच्या दिशेने तडकतो.

कार्ट्रिज धरणारा पुढचा तुकडा, ज्याला हेडशेल म्हणतात, तो दगडाचा करण्याचा मोह पुष्कळांना होतो. इथे हिशोब केल्याशिवाय पुढे जाऊ नये. दांडा आणि सुईची लवचीक पट्टी मिळून स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी एक प्रणाली बनते. तिची नैसर्गिक वारंवारता काढायची तर वस्तुमान ग्रॅममध्ये आणि पट्टीची नम्यता 'दर मिलिन्यूटनला मायक्रोमीटर' या एककात घेऊन दोहोंचा गुणाकार करावा, वर्गमूळ काढावे आणि त्याने १५९ ला भागावे. दांड्याचे परिणामी वस्तुमान कार्ट्रिजसह १७ ग्रॅम आणि नम्यता १५ असेल, तर उत्तर जवळजवळ १० हर्ट्झ येते. हे उत्तम. वाकड्या तबकडीचे हेलकावे आणि माणसाच्या पावलांचे धक्के बहुतांशी ५-६ हर्ट्झच्या खाली असतात आणि संगीत २० च्या वर सुरू होते. अनुनाद या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो. आता ७ ग्रॅमच्या हेडशेलच्या जागी ५ × २ × ०.८ सेंटिमीटरचा दगडी तुकडा आला तर त्याचेच वजन २२ ग्रॅम होते. एकूण ३२ ग्रॅम धरले की अनुनाद सव्वासात हर्ट्झवर घसरतो आणि तबकडी जराशी वाकडी असली तरी सुई उसळू लागते. कार्ट्रिजची पट्टी ताठ, म्हणजे नम्यता ५ च्या आसपास असेल, तर हाच दगडी तुकडा साडेबारा हर्ट्झ देतो. तेव्हा तो वाईट नाही. एकच भाग एका यंत्रात दोष ठरतो आणि दुसऱ्यात चालून जातो. 'हेडशेलला दगड चांगला का?' या प्रश्नाला कार्ट्रिजचे नाव विचारल्याशिवाय उत्तर नाही.

धुळीविषयी, कापण्याआधी

हा मजकूर आम्ही मुद्दाम कृतीच्या आधी देत आहोत. दगड मऊ आहे म्हणून निरुपद्रवी आहे, असे नव्हे. शंखजिऱ्याची बारीक भुकटी फुप्फुसात साठते. काही साठ्यांमध्ये ट्रेमोलाइटसारखी तंतुमय खनिजे, म्हणजे ॲस्बेस्टॉस, मिसळलेली असतात, आणि ॲस्बेस्टॉसमुळे कर्करोग होतो हे निर्विवाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ साली शंखजिऱ्यालाच 'कर्करोगकारक असण्याचा बराच संभव' या वर्गात घातले. दगडात तंतू दिसले तर तो टाकून द्यावा. पण डोळ्यांना दिसले नाहीत म्हणजे ते नाहीत असा अर्थ होत नाही. त्यासाठी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची तपासणी लागते.

म्हणून प्रत्येक दगड संशयित धरूनच काम करावे. कापणे, घासणे, भोक पाडणे सगळे ओल्यानेच, सतत पाणी सोडत, आणि शक्यतो उघड्यावर. हाताची करवत आणि कानस वापरावी. विजेवर चालणारा ग्राइंडर आणि कोरडा पॉलिश पेपर पूर्ण वर्ज्य. धूळ अडवणारा चांगला मास्क लावावा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. चिखल ओल्या फडक्याने पुसून, वाळण्यापूर्वी पिशवीत बांधून टाकावा. वाळलेली भुकटी झाडणे किंवा फुंकणे सर्वांत वाईट. शाळेत मुलांनी दगड कापू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कापलेल्या, घासलेल्या आणि धुतलेल्या तुकड्यांवर ठोकण्याचे आणि तोलण्याचे प्रयोग मुलांनी खुशाल करावेत. घडवण्याचे काम मोठ्यांनी शाळेबाहेर उरकावे.

घडवताना

पहिली वस्तू म्हणून तबकडीवरचे वजन घ्यावे. साडेसात सेंटिमीटर व्यास आणि अडीच सेंटिमीटर जाडी घेतली तर ते ३०० ग्रॅमच्या आसपास भरते. थाळीच्या मधली खुंटी सव्वासात मिलिमीटरची असते, म्हणून भोक साडेसातचे पाडावे. चौकोनी तुकड्यावर कर्कटकाने वर्तुळ काढायचे, करवतीने कोपरे उडवायचे, मग कानशीने गोल करायचे. शेवटी वॉटर पेपरवर पाणी घालून, क्रमाने बारीक होत जाणारे कागद वापरून घासले की दगडाला रेशमी तकाकी येते. हलक्या, प्लॅस्टिकच्या यंत्रांवर मात्र हे वजन ठेवू नये, त्यांचे बेअरिंग तेवढ्या भारासाठी केलेले नसते.

थाळीचे काम जास्त कसोटीचे. तिथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे केंद्र. पट्टा ज्या कडेवर चालतो तिचे केंद्र अर्ध्या मिलिमीटरने सरकलेले असेल, तर १५० मिलिमीटर त्रिज्येच्या थाळीचा वेग प्रत्येक फेऱ्यात ०.३३ टक्के वरखाली होतो. पियानोच्या लांब स्वरात हा हेलकावा कानाला जाणवतो. हाताने घडवलेल्या दगडात ही अचूकता गाठणे कठीण. त्यापेक्षा पट्ट्यासाठी वेगळी लहान धातूची चकती लेथवर कातून घ्यावी आणि दगड तिच्यावर नुसता बसवावा. मोटर मिनिटाला २५० फेरे घेणारी असेल, तर गुणोत्तर साडेसात हवे: चकती १५० मिलिमीटरची आणि मोटरची पुली २० मिलिमीटरची.

दगडाची कड गोल करायला बेलूरच्या कारागिरांची युक्ती वापरता येते. थाळी एखाद्या जुन्या, टाकाऊ बेअरिंगवर बसवून हळू फिरवायची आणि लाकडी ठोकळ्याला चिकटवलेला जाड वॉटर पेपर कडेला स्थिर धरायचा. उंचवटे आपोआप घासले जातात. यंत्राचे खरे बेअरिंग यासाठी वापरू नये. चिखल आत गेला तर ते कामातून जाईल.

दगडात आटे पाडू नयेत, ते टिकत नाहीत. जिथे स्क्रू लागेल तिथे मोठे भोक पाडून आत पितळी बुश इपॉक्सीने बसवावी. थाळी तयार झाल्यावर तिच्यातून आडवी सळई घालून ती दोन समतल पट्ट्यांवर ठेवावी. जड बाजू खाली येईल. त्या बाजूच्या पोटात उथळ भोके पाडत जावे, म्हणजे तोल साधतो. ३३⅓ फेऱ्यांना २० ग्रॅमची विषमता फार मोठा जोर लावत नाही, साडेतीन ग्रॅम भाराएवढाच. पण बैठक स्प्रिंगवर टांगलेली असेल तर तेवढ्यानेही ती डुलू लागते.

वेग तपासायला कागदाच्या गोलावर समान अंतराने १८० काळ्या रेषा काढाव्यात आणि तो तबकडीवर ठेवावा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर निऑनचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. वेग बरोबर ३३⅓ असेल तर त्याच्या उजेडात रेषा स्थिर दिसतात. जुन्या स्विचबोर्डावरचा नारिंगी इंडिकेटर यासाठी चालतो. नव्या बोर्डांवर पुष्कळदा एलईडी असते, तिचा भरवसा नाही.

घरघर कुठून येते?

भाग बसवल्यावर काय बदलले, हे कानावर सोडू नये. ज्याने महिनाभर दगड घासला, त्याला आवाज सुधारल्यासारखा वाटणारच. आधी जुना पाट ठेवून आणि मग दगडी पाट ठेवून, एकाच आवाजमर्यादेवर, खालील मुद्रणे संगणकावर घ्यावीत.

सुई हवेत उचललेली असताना जो गुंजारव येतो तो विजेचा. दगडाचा त्याच्याशी संबंध नाही. आता पट्टा काढून, थाळी स्थिर ठेवून, सुई तबकडीवर टेकवा आणि मोटर चालू करा. विजेच्या गुंजारवात जी भर पडेल ती मोटरची थरथर, बैठकीतून आलेली. पट्टा चढवून कोऱ्या किंवा शांत खाचेवर सुई चालवली की त्यात बेअरिंगचा आणि तबकडीचा वाटा मिळतो. शेवटी मोटर बंद करून, सुई स्थिर तबकडीवर ठेवून, टेबलावर ठराविक उंचीवरून रबरी चेंडू सोडावा. दोन्ही वेळा चेंडू तोच आणि उंची तीच. दगडी पाटाने दुसऱ्या आणि चौथ्या मुद्रणात फरक दिसायला हवा. तो तिथे दिसला नाही आणि घरघर फक्त तिसऱ्यात असेल, तर दोष बेअरिंगमध्ये आहे. तो कोणत्याही दगडाने जाणार नाही; बुश बदलावी लागेल किंवा निदान तेल.